मदत हवी आहे : विहिरींचा आलेख ग्रामसभेत दाखवला, कुणीच विश्वास ठेवीना

औसेकर_२२
मंडळी, शुक्रवारी परत ग्रामसभा आहे, लवकर सांगा. मी आणि दोन पोरांनी गावातल्या २४ विहिरींची पातळी मोजली. एक्सेलमध्ये थ्रीडी आलेख केला, रंग एकदम झकास, प्रोजेक्टरवर दाखवला. नव्या बोअरला आवर घाला एवढंच सांगायचं होतं. तर मागं बसलेले लोक हसायलेत! एक जण उठून म्हणला, "ही कुठल्या कंपनीची जाहिरात हाय का?" आकडे शंभर टक्के खरे आहेत, टेप सोडून मोजलेत. रंग बदलू का? लोकांना पटंल असा आलेख कसा करतात?

आकडेमोड
आलेख टाका की. न बघता काय सांगणार? उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का? स्तंभ असतील तर शून्य हवंच, नाहीतर इवलासा फरक डोंगराएवढा दिसतो आणि लोकांना वास येतो.

डॅशबोर्डवाला
एक्सेल सोडा, पॉवर बीआय घ्या, मायक्रोसॉफ्टचंच आलेखांचं सॉफ्टवेअर. क्लिक केलं की विहीर उघडते. आमच्या ऑफिसात साहेब एकदम खूष.

मोसंबीवाला
आलेखानं पाणी वाढतं का? ऊस कमी करा, ठिबक लावा. आमच्या जालन्याकडं बागा कशा जगवल्या ते विचारा.

आकडेमोड
त्यांनी ते विचारलेलं नाही.

गुरुजी_निवृत्त
'म्हणला' नव्हे, 'म्हणाला'. बाकी चालू द्या.

औसेकर_२२
गुरुजी, आमच्याकडं म्हणलाच म्हणतेत. मोबाइलवरनं फोटो चढंना. शून्यापासूनच आहे. ऑक्टोबर निळा, मे लाल. ऑक्टोबरची सरासरी ३ मीटर, मेची ११.

काळी_माती
थांबा. ११ मीटर म्हणजे काय? तळापासून पाणी ११ मीटर, की काठापासून ११ मीटर खाली?

औसेकर_२२
काठापासून खाली. विहीर तशीच मोजतात की, त्यात काय सांगायचं?

काळी_माती
अहो, मग मे महिन्यात तुमचा स्तंभ ऑक्टोबरच्या जवळजवळ पावणेचारपट उंच! बघणाऱ्याला स्तंभ म्हणजे पाणी. भर उन्हाळ्यात विहिरी तुडुंब दाखवल्या तर लोक हसणार नाहीत तर काय? आणि कोरड्या विहिरी किती? त्या कशा टाकल्या?

औसेकर_२२
मेमध्ये ५ कोरड्या होत्या. त्या रकान्यात 'कोरडी' लिहिलं. तिथं स्तंभ आलाच नाही, मग बरोबरच दिसलं की?

काळी_माती
तिथंच घात झाला. रकान्यात अक्षरं असली की एक्सेल आलेखात तो शून्य धरतं. म्हणजे जिथं पाणी नाही तिथं स्तंभ नाही, आणि जिथं पाणी खोल गेलं तिथं स्तंभ उंच. एकाच चित्रात दोन भाषा. वर सरासरी काढताना अक्षरं वगळली जातात, म्हणजे तुमचे ११ मीटर उरलेल्या १९ विहिरींचे. सगळ्यात वाईट ५ विहिरी हिशेबातच नाहीत, आणि त्यांचे मालक सभेत समोर बसलेले.

औसेकर_२२
आयला.

काळी_माती
अक्ष उलटा करा. शून्य वर, ती जमीन. वर एक झाड काढा, स्तंभ खाली सोडा. कोरड्या विहिरी तळापर्यंत पोकळ चौकटीत, वर 'कोरडी' लिहून. सरासरी काढूच नका.

आकडेमोड
उलटा अक्ष धोक्याचा आहे. २०१४ मध्ये रॉयटर्सनं फ्लोरिडातल्या बंदुकीच्या बळींचा आलेख वरून खाली काढला होता. स्वसंरक्षणासाठी गोळी झाडायला मोकळीक देणाऱ्या २००५ च्या कायद्यानंतर बळी वाढले, पण बघणाऱ्यांना कमी झाल्यासारखे वाटले. काढणारीचा हेतू वाईट नव्हता, तरी फसवणुकीचा शिक्का बसलाच.

काळी_माती
बळी खाली लोंबत नाहीत, विहीर खालीच जाते. चित्र वस्तूसारखं असलं की उलटं वाटत नाही. आणि थ्रीडी आधी काढून टाका. मागचे स्तंभ पुढच्यांमागं लपतात, वरची कड कुठल्या रेषेला टेकते ते कळत नाही. झगमग बघूनच त्यांना कंपनी आठवली.

नाथसागर_काठी
पैठणकर बोलतोय. पेपरात 'जायकवाडी शून्य टक्के' आलं की इथं लोक धरणाकडं बोट दाखवून म्हणतात, मग हे काय दूध आहे? टक्केवारी जिवंत साठ्याची, म्हणजे दारांतून सोडता येणाऱ्या पाण्याची असते. एकूण साधारण १०२ टीएमसीतले (अब्ज घनफूट) २६ मृतसाठ्याचे, म्हणजे दारांच्या खाली उरणारं पाणी, ते तळाला दिसतंच. शून्य कशाचं ते एका ओळीत छापलं असतं तर गावोगाव वाद झाला नसता.

मोसंबीवाला
२०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा कुणी आलेख मागितला नव्हता.

विहिरीचा_पोरगा
एक राहिलं. आमच्या गावात मीटर कुणी बोलत नाही, परस बोलतात. हात वर करून उभा माणूस म्हणजे एक परस. परसात दाखवा.

आकडेमोड
कुणाचा परस? पाच फुटी माणसाचा की सहा फुटी? डावीकडं मीटर ठेवा, परस हवा तर उजवीकडं.

डॅशबोर्डवाला
पॉवर बीआयमध्ये दोन्ही येतं.

औसेकर_२२
काल रात्री शाळेच्या फळ्यावर खडूनं काढलं. वर जमीन, खाली २४ विहिरी, प्रत्येकीखाली मालकाचं नाव, मोजल्याची तारीख. पाच पोकळ. तात्यांना बोलावलं, ते मागच्या सभेत सगळ्यात जोरात हसले होते. चष्मा पुसून बराच वेळ बघत उभे राहिले. मग सातव्या विहिरीवर बोट ठेवून म्हणले, "ही माझी. चार परस लिवलंय, ते खोटं हाय. साडेतीनच हाय." बाकीच्यांबद्दल एक शब्द काढला नाही. उद्या सकाळी सहाला टेप घेऊन त्यांच्या विहिरीवर जायलोय, येताना शेजारचे दोघं पण येतो म्हणायलेत.

काळी_माती
तात्यांचा आकडा त्यांच्याच हातानं फळ्यावर लिहायला लावा. चार निघाले तरी.

मोसंबीवाला
प्रोजेक्टर केवढ्याला पडला? आमच्या ग्रामपंचायतीला घ्यायचाय.