सोसायटी ग्रुप : कब-बुलबुलचं उन्हाळी शिबिर, थीम आणि जागा ठरवू या

मनीषा (बी-७०४): नमस्कार मंडळी. आपल्या कब-बुलबुल पॅकचं (स्काउट-गाइडमधल्या लहान मुलामुलींच्या गटाचं) उन्हाळी शिबिर मेच्या पहिल्या शनिवार-रविवारी घ्यायचा विचार आहे. मुलं २२, सगळी ५ ते १० वयाची. एक रात्र मुक्काम. थीम काय आणि जागा कुठली, एवढं उद्यापर्यंत नक्की करू. पालकांनी मोकळेपणाने लिहा.

अमोल (सी-११०३): येऊरला एखादा बंगला भाड्याने घेऊ या. आपल्यापासून जवळ, झाडी भरपूर, मुलांना जंगलात राहिल्यासारखं वाटेल. थीम सुपरहिरो. माझा आरव दुसरं नावच घेत नाही.

रेश्मा (डी-२०५): थीमबद्दल एक सांगते. मागच्या वर्षी ज्या कंपनीला शिबिर दिलं होतं त्यांनी 'जंगल' थीम केली. गेटपासून पुठ्ठ्याचे वाघ-हत्ती, पानांच्या माळा, संध्याकाळी डीजे. दिसायला छान होतं. घरी आल्यावर लेकीला विचारलं, काय काय केलंस? म्हणाली, "फोटो काढले." अजून आठवून काही सांग म्हटलं, तर वेफर्स. पैसे गेल्याचं काही नाही, पण दोन दिवसांत तिच्या हाताला काहीच लागलं नाही याचं वाईट वाटलं.

सचिव (ए-१०१): मध्येच लिहितोय, माफ करा. उद्या बी आणि सी विंगच्या टाक्या धुणार. सकाळी ८ ते ११ पाणी बंद. भरून ठेवा.

सावंत काका (ए-३०२): रेश्माचं म्हणणं अगदी बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थीम ही सजावटीत नसते, मुलं हाताने काय करतात त्यात असते. १९०७ साली ऑगस्टमध्ये स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं. वीसएक मुलं होती, आपल्या पॅकएवढीच. मुलांच्या चार टोळ्या, त्यांना प्राण्या-पक्ष्यांची नावं, आणि प्रत्येक दिवसाला एक विषय. एक दिवस निरीक्षण, एक दिवस जंगलविद्या, एक दिवस जीव वाचवणं. खेळ, गोष्टी, काम, सगळं त्या विषयाभोवती. दुकानातून आणलेलं काही नाही. सगळ्या जगात स्काउटिंग पसरलं ते याच पद्धतीने.

आपल्याला विषय शोधायला लांब जायलाच नको. माझं म्हणणं, 'बहिर्जींचे हेर'. बहिर्जी नाईक म्हणजे शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी शहराची बारीक खबर त्यांनी काढून आणली होती. हेराला लागतं काय? बारीक नजर, पक्की स्मरणशक्ती, वाट न चुकणं, निरोप गुप्त ठेवणं आणि सोबत्याला सोडून न येणं. कबला नेमकं हेच शिकवायचं असतं. तलवारी, लढाया काही नको. हेर भांडत नाही, तो पाहतो.

मनीषा (बी-७०४): काका, मला एकदम पटलं. पण पाच वर्षांच्या मुलांना झेपेल असं काय करता येईल?

सावंत काका (ए-३०२): भरपूर. थाळीत वीस वस्तू मांडायच्या: किल्ली, वाल, सुपारी, बटण, पिसं. एक मिनिट पाहायचं, मग वर फडकं. काय काय होतं ते टोळीने मिळून आठवायचं. लहानग्यांना दहाच वस्तू.

दुसरं, लिंबाच्या रसाने काडीने कागदावर लिहायचं. वाळलं की कागद कोरा. मोठ्या माणसाने वरून गरम इस्त्री फिरवली की अक्षरं तपकिरी उमटतात.

वाटेच्या खुणा: दगडांचा बाण म्हणजे इकडून जा, काड्यांची फुली म्हणजे ही वाट नको, वर्तुळात ठिपका म्हणजे मी घरी गेलो. बागेपासून क्लबहाऊसपर्यंत आधी मोठ्या मुलांनी खुणा मांडायच्या, धाकट्यांनी माग काढायचा. दुसऱ्या फेरीला उलट.

आणि माझ्या सगळ्यात आवडीचं. माळीकाकांच्या नळाजवळची माती रात्री चाळून, भिजवून, पाटासारखी सपाट करून ठेवायची. पहाटे टोळ्यांनी येऊन वाचायची: रात्री कोण येऊन गेलं? मांजराच्या ठशात नखं दिसत नाहीत, ती आत ओढलेली असतात. कुत्र्याच्या ठशात नखांचे टोचे दिसतात. कावळ्याची तीन बोटं पुढे, एक मागे. मुंगूस आलं असेल तर तेही कळेल, आपल्या कंपाउंडला ते असतंच. मुलांना एकदा हे वाचता आलं ना, की पुढे कुठेही गेली तरी खाली बघून चालतील.

अमोल (सी-११०३): काका, भारी आहे हे. आरवला सांगून बघतो. पण मग हे येऊरलाच करू या ना, तिथे ठसेच ठसे.

सावंत काका (ए-३०२): अमोल, येऊरला ठसे आहेत ते बिबट्याचेही आहेत. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. रात्र त्या जनावरांची. बंगल्यावर २२ मुलं म्हणजे दिवे आले, आरडाओरडा आला. मुलांना जंगलाचा मान ठेवायला शिकवायचं आणि पहिलीच रात्र तसा गोंगाट करून काढायची, हे मला नाही जमणार. रात्र आपल्या आवारात काढू. रविवारी पहाटे मानपाड्याच्या निसर्ग केंद्राच्या पायवाटेवर जाऊ, वनखात्याची रीतसर परवानगी काढून. ते पत्र मी घेऊन जातो.

डॉ. स्वाती (ए-९०१): मी जागेपेक्षा वेळेबद्दल बोलते. मे महिना आहे. खारघरला एप्रिल २०२३ मध्ये भर उन्हातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, आपण सगळ्यांनी ते वाचलंय. आपल्याकडे नुसता पारा बघून चालत नाही. खाडीमुळे हवा दमट, घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, आणि खेळात रंगली की ती पाणी मागत नाहीत.

त्यामुळे शिबिर शनिवारी दुपारी साडेचारला सुरू करा, रविवारी दहाच्या आत संपवा. मधलं ऊन घ्यायचंच नाही. दर अर्ध्या तासाला शिट्टी, शिट्टी वाजली की सगळ्यांनी पाणी प्यायचं, तहान असो नसो. पन्हं, कोकम सरबत, ताक ठेवा, रंगीत बाटल्या नकोत. एखादं मूल गळून गेलं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळलं, तर लगेच सावलीत, ओल्या फडक्याने अंग पुसायचं आणि मला हाक. मूल बरळायला लागलं किंवा अंग भट्टीसारखं तापलं तर वाट बघायची नाही, अंग गार करत करतच १०८ ला फोन. जुलाब-उलटीसाठी मीठ-साखरेचं पाणी माहीत असू द्या: उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंदाजाने मीठ टाकू नका.

दम्याचा पंप, ॲलर्जी, चालू औषधं मला वैयक्तिक मेसेजवर कळवा, ग्रुपवर नको.

रेश्मा (डी-२०५): साडेचार ते दहा छान आहे. रात्री शेकोटी असेल ना? शेकोटीशिवाय शिबिर कसलं.

सावंत काका (ए-३०२): रेश्मा, माझाही जीव शेकोटीत अडकलेला असतो. पण मेच्या उकाड्यात विस्तव कोणाला हवाय? शिवाय कंपाउंडला लागून सागाच्या वाळक्या पानांचा खच पडलाय, वाऱ्याने एक ठिणगी गेली की वणवा. मधोमध कंदील ठेवू, भोवती गोल बसू. गाणी तीच, गोष्टी त्याच.

आणि नऊ वाजता गच्चीवर. मेमध्ये त्या वेळी सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे ओढत नेली की स्वाती, आणखी पुढे चित्रा. (डॉक्टर, तुमचा तारा तेव्हा चांगला वर आलेला असतो.) सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांवरून रेघ काढली की ध्रुव. ठाणं साधारण १९ अक्षांशावर, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच, १९ अंश वर. हात ताठ करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण दहा अंश. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, तिथेच ध्रुव. लहान मुलाचा हात लहान तशी मूठही लहान, त्यामुळे त्यालाही हिशोब जुळतो. खालून बिल्डिंगी आड येतील, म्हणून गच्चीच हवी. पौर्णिमा जवळ आली असेल तर शनिवार पुढे-मागे करू, मनीषा कॅलेंडर बघशील का?

सचिव (ए-१०१): गच्चीची किल्ली देतो. पण कठड्याकडच्या बाजूला दोरी बांधा आणि प्रत्येक सहा मुलांमागे दोन मोठी माणसं हवीत. तरच.

मनीषा (बी-७०४): मान्य. आणि कुठलंही मूल एका मोठ्या माणसाबरोबर एकटं राहणार नाही. बाथरूमला जायचं तरी दोन मोठी माणसं किंवा सोबत दुसरं मूल. हा नियम सगळ्यांना सारखा, माझ्यासकट.

प्राजक्ता (सी-४०२): मला एक विचारायचंय. माझी मुलगी सहा वर्षांची, कधीच आमच्याशिवाय झोपलेली नाही. अंधाराला घाबरते. तिला यायचं तर खूप आहे.

मनीषा (बी-७०४): प्राजक्ता, नक्की पाठव. गच्चीवरून उतरल्यावर, साधारण दहाला, ज्यांना घरी जायचं ती मुलं घरी जातील. पहाटे साडेपाचला ठसे वाचायला परत येतील. त्यांना "राहिली नाहीस?" असं कोणी म्हणायचं नाही, हे टोळीनायकांना मी आधीच सांगून ठेवेन. हेराला रात्री घरी जाऊन खबर द्यावीच लागते.

प्राजक्ता (सी-४०२): थँक्यू ताई. ती आत्ताच पिशवी भरायला लागली.

रेश्मा (डी-२०५): टोळ्यांना पक्ष्यांची नावं द्या ना. तांबट, भारद्वाज, कोकीळ, पावशा. चारही आपल्या आसपास ऐकू येतात. तांबटाचं ते टुक-टुक-टुक, तांब्यावर हातोडी मारल्यासारखं, माझ्या खिडकीसमोरच्या वडावर दिवसभर चालू असतं. आपली टोळी ओळखायची ती हाकेवरून, शिट्टीवरून नाही. शिट्टी फक्त पाण्याची.

सावंत काका (ए-३०२): वा, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घेतलं.

नंदिनी (डी-६०१): काका, गुप्त निरोपांसाठी मोडी चालेल का? माझे सासरे मोडी वाचतात. जमिनीच्या जुन्या कागदांचं काम करायचे. मी त्यांना हा ग्रुप वाचून दाखवला तर म्हणाले, प्रत्येक मुलाला त्याचं नाव मोडीत लिहून देतो आणि त्याच्याकडून गिरवून घेतो. मोडीत आधी आडवी रेघ पूर्ण ओढून घ्यायची, मग अक्षरं तिच्याखाली, शक्यतो हात न उचलता. ते लगेच कागद मागायला लागलेत.

सावंत काका (ए-३०२): नंदिनी, आजोबांना माझा नमस्कार सांग. शिबिराचं सोनं झालं. महाराजांच्या काळचा कारभार मोडीतच चालायचा, त्यामुळे हे थीमला चिकटवलेलं वाटणार नाही. त्यांना शनिवारी पाच ते सहा वेळ देऊ. ओळखपत्रं तीच, मुलांनी स्वतः लिहिलेली.

अमोल (सी-११०३): आरवशी बोललो. विचारत होता, हेराला मुखवटा असतो का.

सावंत काका (ए-३०२): त्याला सांग, बहिर्जी वेषांतरासाठीच प्रसिद्ध होते. वासुदेव, फकीर, भाजीवाला, जे व्हायचं ते हो. पण घरातल्या कपड्यांतून, विकत आणायचं नाही.

अमोल (सी-११०३): भाजीवाला ठरलं. माझी लुंगी गेली समजा. जेवणाचं मी बघतो. पिठलं-भाकरी, कांदा, ताक. आम्ही चार-पाच बाबा मिळून करू, घरच्या बायकांवर टाकायचं नाही. भाकऱ्या मात्र पोळीभाजी केंद्रातून, आमच्या भाकऱ्यांची खात्री देत नाही.

डॉ. स्वाती (ए-९०१): भाकरी मुलांना स्वतः एकेक थापू द्या की. गॅस मोठ्यांकडे. वाकडी झाली तरी पोटात जाईल.

सावंत काका (ए-३०२): हो, आणि गाठीही. रीफ नॉट: उजवी डावीवर, मग डावी उजवीवर. झोळी-पट्टी बांधायला ती चांगली, सपाट बसते, टोचत नाही. पण तिने दोन दोर जोडून वजन टांगायचं नाही, ती सुटते. कठड्याकडची दोरी मी क्लोव्ह हिचने, म्हणजे खांबाला दोर बांधायच्या गाठीने, बांधेन, मुलांसमोरच.

मनीषा (बी-७०४): आता पक्कं करते. शनिवारी साडेचार, क्लबहाऊस. आणायचं: पाण्याची बाटली, टोपी, बंद बूट, टॉर्च, सतरंजी, डासांचं मलम. मानपाड्याला पूर्ण बाह्यांचे कपडे, फिक्या रंगाचे. तिथे साप दिसला तर जिथल्या तिथे थांबायचं, मग सावकाश मागे सरायचं. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ सगळ्यांनी फोनमध्ये घालून ठेवा. मोबाइल मुलांकडे नको, आणि पालकांनी फोटो शेवटच्या अर्ध्या तासात काढावेत. पहाटे साडेपाचला नळाजवळ उभं राहायला दोन माणसं हवीत, नाहीतर पेपरवाला ठशांवरून सायकल नेईल. कोण?

सचिव (ए-१०१): मी एक. वॉचमनला रात्रीच सांगून ठेवतो, तिकडचा पाइप उघडायचा नाही.

प्राजक्ता (सी-४०२): दुसरी मी. तशीही लेकीला घेऊन खाली येणारच आहे.

नंदिनी (डी-६०१): आजोबा विचारतात, २२ जणांची पूर्ण नावं मिळतील का, वडिलांच्या नावासकट? आणि टेबल खिडकीजवळ लावा, संध्याकाळी त्यांना उजेड कमी पडतो.

मनीषा (बी-७०४): यादी पाठवते त्यांना. टेबल खिडकीशी.