रक्तात विषाणू सापडत नाही, मग मेंदूत काय शोधणार?

कात्री57
नाव देत नाही. वय 57, मिरजेत शिलाईचं दुकान. 2006 ला एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, 84 होता. आता व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, दरवेळी टीएनडी: विषाणू सापडतच नाही.

पूर्वी गिऱ्हाईक कितीही बडबडलं तरी छाती, पोट, खांदा, बाही असे चारही आकडे डोक्यात राहायचे. वही नंतर भरायचो. आता बाहीकडे वळलो की खांदा गेलाच. दिवाळीत एकाच्या सदऱ्याला दुसऱ्याची बाही लावून ठेवली. वय झालं म्हणावं, तर माझा थोरला भाऊ अजून तोंडी हिशेब करतो.

सेंटरवर विचारलंय की एका अभ्यासात याल का. एचआयव्ही असणाऱ्यांचं वय वाढतं तसं मेंदूचं काय होतं, ते बघणार आहेत. चाचण्या, एमआरआय, आणि चालत असेल तर सुईने पाठीच्या कण्यातलं पाणी काढणार. पाण्याचं ऐकून पाय लटपटले. आणि घरी मुलाला माझं काही माहीत नाही.

निळी_शाई
काका, अशाच एका अभ्यासात मी चाचण्या घ्यायचे, म्हणून लिहिते. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच विषाणू पांढऱ्या पेशींच्या आत बसून मेंदूत पोचतो. विचार करणाऱ्या चेतापेशींना तो सहसा धरत नाही. त्यांची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींत मुक्काम करतो. गोळ्यांनी त्याची वाढ थांबते, पण तिथली सूज थोडी धुमसत राहू शकते. सीडी-फोर एकदा फार खाली गेलेला असेल तर धोका जास्त. तुमचा 84 म्हणूनच त्यांच्या कामाचा. पाठीतलं पाणी अशासाठी, की क्वचित रक्त स्वच्छ असतं आणि त्या पाण्यात विषाणू सापडतो.

इथल्या लोकांनी भाग घ्यावा असं मला मनापासून वाटतं. जगातलं बरंचसं काम अमेरिका-युरोपातल्या विषाणूच्या बी प्रकारावर झालंय, आपल्याकडे बहुतेकांना सी. त्याच्या टॅट नावाच्या प्रथिनात 31 व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन असतं, म्हणून तो मेंदूला कमी त्रास देतो असं आधी मानत. पण बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या संस्थेने गोळ्या सुरू न झालेल्यांना तपासलं तेव्हा विचार-आठवणीत सौम्य उणीव बऱ्याच जणांत निघाली.

पाण्याला नाही म्हणता येतं, बाकीचं चालू राहतं. मधेच सोडलंत तरी गोळ्या बंद होत नाहीत. तुमची माहिती तुम्हाला विचारल्याशिवाय बाहेर जाऊ नये, हे 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातच आहे. फोन घरी करू नका, एवढं मात्र पहिल्या दिवशीच त्यांना सांगा.

माई_सातारकर
दादा, आधी बी-ट्वेल्व्ह, थायरॉईड, शुगर, बीपी बघून घ्या. मी माळकरी. गॅसवर दूध ठेवून देवळात जायचे आणि खापर फोडायचे आजारावर. बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनं झाली, आता दूध उतू जात नाही. झोप लागते का, मन उदास असतं का, तेही डॉक्टरांना सांगा. एफाविरेन्झ या एचआयव्हीच्या गोळीवर असताना मला रात्रभर चित्रविचित्र स्वप्नं पडायची, गोळी बदलल्यावर थांबली.

कात्री57
माई, बी-ट्वेल्व्हला रक्त दिलंय. अभ्यासालाही जाऊन आलो. पाण्याला नाही म्हटलं, कुणी तोंड वाकडं केलं नाही.

पहिली चाचणी दहा मिनिटांची. अंगठा आणि तर्जनी पाच सेकंदांत जमेल तितक्या वेळा जुळवायची. त्यात पैकीच्या पैकी, चाळीस वर्षं सुई धरलेली बोटं आहेत. मग मूठ, पालथा पंजा, हाताची कड, हे एकामागून एक भराभर. तिथे एकदा चुकलो. शेवटी सुरुवातीला सांगितलेले चार शब्द विचारले. कुत्रा आठवला, घेवडा आठवला, लाल आठवलं. चौथा काही केल्या येईना. बाई म्हणाल्या, अंगावर घालायची वस्तू. टोपी! खूण दिल्यावर आठवलं म्हणून अर्धाच गुण.

12 पैकी साडेदहा. 10 किंवा खाली असतं तर पुढची तपासणी लगेच लावली असती म्हणे. आता सहा महिन्यांनी परत बोलावलंय. शिंप्याला नेमकी टोपीच आठवू नये, हे मात्र दुकानात कुणाला सांगण्यासारखं नाही.

माई_सातारकर
आमच्यात सांगितलंत ना, झालं तर. बी-ट्वेल्व्हचा आकडा आला की कळवा.