स्पेनहून दोन बाटल्या वाईन यायच्यात, कोणत्या द्राक्षाची सांगू?

बांधावरून, जालना
भाचा व्हॅलेन्सियाला शिकायला आहे, दिवाळीला येऊ लागलाय. मागच्या खेपेला स्पेनच्या रिओहा भागातली 'रिझर्वा' वाईन आणली होती, टेम्प्रानिलो द्राक्षाची. वीस युरो घातले अन् तोंडात नुसता लाकडाचा वास. माझी चार एकर बाग आहे, सोनाका आणि थॉमसन. खायची द्राक्षं जन्मभर पिकवली, वाईनच्या द्राक्षातलं मात्र कळत नाही. तिथले फारसे नाव नसलेले चांगले वाण कोणते? बाटली दहा युरोच्या आत बसावी. येसर घातलेल्या मटणासोबत घ्यायचीय. जमलं तर एखाद्या वाणाची काडी पण मागवावी म्हणतो.

पाचवा मणी, संभाजीनगर
काका, भाचा व्हॅलेन्सियात आहे म्हणल्यावर अर्धं काम झालं. तिथून सत्तरेक किलोमीटर आत उतिएल-रेकेना आहे, तिथलं द्राक्ष बोबाल. घड बैलाच्या मुंडक्यासारखा, म्हणून लॅटिनमधल्या बैलावरून हे नाव. इतका गच्च घड की तुम्ही बघितला तर आधी विरळणीला कात्री काढाल. वर्षानुवर्षं ही वाईन ठोकातच जायची, दुसऱ्यांच्या फिकट वाईनला रंग द्यायला. तिचं नाव झालं नाही ते त्यामुळं, अन् पाच-सात युरोत चांगली बाटली मिळते तीही त्यामुळंच. एवढ्या उन्हात पिकून आंबटपणा सोडत नाही.

दुसरं द्राक्ष मोनास्त्रेल, आग्नेय स्पेनमधल्या हुमियाचं. वर्षाचा पाऊस जेमतेम ३०० मिलीमीटर. जुन्या बागांत ना मांडव ना तार, बुटक्या झुडपांसारख्या वेली लांब लांब लावलेल्या. जाड सालीचा बारीक मणी, उशिरा पिकणारा. फ्रान्समध्ये यालाच मूर्वेद्र म्हणतात. पण वाईन अल्कोहोलमध्ये बहुतेक १४ टक्क्यांच्या पुढं जाते, येसराच्या तिखटावर ती घेतली तर जाळच होईल. मटणाला बोबालची गुलाबी, 'रोसादो', चांगली गार करून. मोनास्त्रेल दुसऱ्या दिवशी, भाकरी अन् वांग्याच्या भरतासोबत. तीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, आपल्या घरातली ऊब त्यांच्या तळघरात नसते.

लाकूड नको असेल तर लेबलवर 'होवेन', म्हणजे कोवळी वाईन, बघायला सांगा. लाल वाईनमध्ये क्रियान्सा म्हणजे दोन वर्षं, त्यातले किमान सहा महिने लाकडी पिंपात. रिझर्वा तीन वर्षं, किमान एक वर्ष पिंपात. तुम्ही पिंपाचेच पैसे भरलेत.

मांजराकाठ, लातूर
पांढरी आवडत असेल तर गोदेयो, गॅलिसियातल्या वाल्देओरासची. १९७० च्या दशकात हा वाण संपत आला होता, काही लोकांनी जुन्या वेली शोधून वाचवला. आता नाव झालंय, दहा युरोत शोधावी लागेल. अन् विमानातून शुल्काविना दोन लिटरच आणता येते. म्हणजे पाऊण लिटरच्या दोनच बाटल्या, तिसरी घातली की हिशोब चुकला.

पाचवा मणी, संभाजीनगर
काका, काडीचं तेवढं डोक्यातून काढा. आयात परवाना अन् रोगमुक्तीचा दाखला नसताना रोपाचं काहीही आणता येत नाही. फिलोक्सेरा, म्हणजे वेलीची मुळं खाणारा किडा, युरोपात शिरला तो अमेरिकेतून आणलेल्या वेलींवरूनच. हुमियाच्या बऱ्याच बागा कलमाविना स्वमुळावर होत्या, तिथं तो १९८९ मध्ये पोचला अन् बागाच्या बागा गेल्या. आपल्याकडं डॉगरीज खुंटावर कलम करतात ते खारट जमीन-पाणी अन् पाण्याच्या टंचाईसाठी, या किड्यासाठी नव्हे.

बांधावरून, जालना
बरं, काडी रद्द. बोबाल रोसादो एक, मोनास्त्रेल होवेन एक, असं भाच्याला लिहून पाठवलं. तो म्हणतो रेकेनाला जाऊन घडाचा फोटो काढतो. त्याला सांगितलं, तू येईस्तोवर तिकडं तोडणी उरकलेली असंल, नुसत्या वेलीचाच काढ, छाटणी कशी करतात ते दिसू दे.