खुल्या संग्रहालयात दर वळणाला बाण?

पायवाट: काल कुणीतरी लिहिलंय, "भोपाळच्या मानव संग्रहालयासारख्या २०० एकरांच्या आवारात दर वळणाला बाण लावा, माणसं भरकटतात." वाचून राहवेना. अहो, तिथं उघड्यावर मांडलेली वेगवेगळ्या समाजांची घरं त्या त्या समाजाच्या लोकांनी येऊन बांधलीत, टेकडीवर, झाडीत. त्या अंगणात चकाकता निळा खांब रोवला की झालं रेल्वे स्टेशन! बाण फक्त फाट्यावर, तेही वाट चुकली तर चढ पुन्हा चढावा लागेल अशा ठिकाणी. बाकी हिंडू द्या लोकांना.

गुडघेदुखी: तो "कुणीतरी" मीच. हिंडू द्या म्हणणाऱ्यांचे गुडघे शाबूत असतात. अशाच एका ठिकाणी (नाव नको) आईला घेऊन गेलो. पाटीवर "स्वच्छतागृह" आणि बाण. किती लांब, चढ की उतार, काही नाही. मे महिन्यात टेकाड चढून गेलो तर दाराला कुलूप.

पायवाट: मग दोष कुलपाचा. बाण बरोबरच होता.

नकाशेकर: बाणांवर काय भांडताय? आधी फलकावरचा नकाशा बघा. उत्तर दिशा वर, आणि बघणारा दक्षिणेकडे तोंड करून उभा! नकाशातलं डावं प्रत्यक्षात उजवं. समोर दिसतं ते नकाशात वर हवं, एवढं साधं आहे.

रानभूल: बाणांचा विषय निघालाच आहे तर सह्याद्रीत कातळावर ऑइलपेंट फासणाऱ्यांचं काय ते बोला. बाण एक, शेजारी ग्रुपचं नाव हातभर.

दोर: धुक्यात तोच बाण जीव वाचवतो. आमच्यातले तिघं ढोरवाटेला लागून थेट कड्यावर निघाले होते.

रानभूल: ढोरवाट ओळखता येत नसेल तर गावातला वाटाड्या घ्या. त्यालाही चार पैसे मिळतील.

दोर: रात्री बॅटऱ्या घेऊन शोधायला आम्ही जातो. तुमची तत्त्वं तेव्हा घरी घोरत असतात.

रानभूल: घोरण्यावर घसरलात, म्हणजे मुद्दे संपले.

पायवाट: विषयावर या! मानव संग्रहालयाच्या आवारातच प्राचीन चित्रांचे ३०हून जास्त शैलाश्रय, म्हणजे कातळाखालच्या गुहेसारख्या आडोशाच्या जागा, आहेत. तिथं मारणार का रंगाचा बाण?

दोर: पहिल्यांदा कातळ रंगवला तेव्हा कुणाची परवानगी घेतली होती?

रानभूल: त्यांनी खाली ग्रुपचं नाव नव्हतं टाकलं.

गुडघेदुखी: बरं बाबा, दर वळणाला नको. फाट्यावर लावा, पण पायऱ्या किती, चढ किती, पुढचं पाणी किती मीटरवर, तेही लिहा. अंगणाची शोभा तुम्ही सांभाळा.

पायवाट: एवढं लिहायचं तर पाटी केवढी होईल!

गुडघेदुखी: आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी.