नाशिकचा भाचा आणि श्वासाचं यंत्र: वर्गणीबद्दल

मंडळी, नमस्कार.
माझा भाचा नाशिकला इंदिरानगरात असतो. गेल्या उन्हाळ्यात कालव्यात सूर मारला, पाणी कमी होतं, मानेचा मणका मोडला. तेव्हापासून गळ्यात नळी आणि उशाशी व्हेंटिलेटर. वीज गेली की ताई आधी इन्व्हर्टरकडे पळते, मग त्याच्याकडे. छातीच्या पडद्याला विजेचे झटके देऊन श्वास चालवणारं यंत्र अमेरिकेत बसवतात म्हणे. मंडळातून वर्गणी काढता येईल का?
सुनंदा

सुनंदाताई,
वर्गणी काढूच, पण आधी एक तपासणी करून घ्या. (आणि झटके म्हणू नका, तुमच्या ताई धसका घेतील. बारीक स्पंद असतात.)

पडद्याला हुकूम पोचवते ती फ्रेनिक नस. ती मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते. इजा त्याच्या वर असेल आणि नस शाबूत असेल, तरच यंत्राला काही हलवता येतं. उगमच चिरडला असेल तर तारा बसवून उपयोग नाही. मानेपाशी नसेला स्पंद देऊन पडदा हलतो का, ते बघतात. ही तपासणी झाली आहे का?

नस चांगली निघाली तर दुर्बिणीतून पडद्यात चार तारा बसवतात, स्पंद देणारी डबी अंगाबाहेर राहते. सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्हला २००३ साली क्लीव्हलँडमध्ये असंच बसवलं होतं. २००८ मध्ये अमेरिकेत मर्यादित परवानगी मिळाली. पण बसवलं आणि झालं, असं नाही. निजून निजून पडदा वाळलेला असतो, सुरुवातीला काही मिनिटंच, मग आठवड्यांनी वेळ वाढवायचा. व्हेंटिलेटर विकून टाकू नका, तो हाताशी लागतोच.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. व्हेंटिलेटर गळ्यातून हवा ढकलतो. इथे पडदा ती आत ओढतो. गळ्याचं भोक बंद ठेवता आलं तर हवा नाकातून जाते आणि वास परत येतो.

जोशीकाकांनी मागे ए.एल.एस.साठी, म्हणजे नसा निकामी होऊन स्नायू हळूहळू लुळे पडतात त्या आजारासाठी, विचारलं होतं. त्यांच्यासाठी नको. ब्रिटनमधल्या चाचणीत यंत्र लावलेले रुग्ण उलट लवकर गेले.
अनिरुद्ध

अनिरुद्ध,
फाइल चाळली. एमआरआय तीनदा झालाय, नसेची तपासणी एकदाही नाही. उद्याच डॉक्टरांना विचारते, वर्गणीचं तोवर थांबवा. ताईने मिसळीच्या वासाचं भाच्याला सांगितलं. तो ओठांनीच म्हणाला, वासाचं राहू दे, रात्री ते मशीन आवाज करायचं थांबेल का?
सुनंदा