क्विक लिंक उघडतच नाहीये, चेन काढायची कशी?

यवतेश्वर_पहाटे (सातारा)

नमस्कार मंडळी. माझी ८ स्पीडची (म्हणजे मागे आठ गिअरची) हायब्रिड सायकल आहे, तीन वर्षं झाली घेऊन. रविवारी कासला जाऊन आलो. यवतेश्वरच्या घाटात धो धो पाऊस, वर रस्त्यावर लाल चिखल आणि परतताना चेनचा असा करकराट, की जात्यात खडे पडलेत जणू. घरी येऊन धुतली, पुसली, पण रोलरच्या आत बसलेला चिखल हलत नाही. म्हणून चेन पूर्ण काढून रॉकेलात बुडवायची ठरवली.

चेनमध्ये क्विक लिंक, म्हणजे चेन उघडायची जोडकडी, आहे. बाकीच्या कड्या काळपट आणि ही एकच सोनेरी, त्यामुळे लगेच सापडली. तिच्या दोन्ही बाजूंना पकडी लावून जीव खाऊन ओढलं. ढिम्म हलत नाही, वर पट्टीला ओरखडे आले ते वेगळेच. दुकानात म्हणाले, चेन ब्रेकर (पिन ढकलून चेन तोडायचं हत्यार) लावून दुसरीकडची पिन काढून देतो. मला ते पटत नाही. ही कडी उघडण्यासाठीच असते ना? मग माझं चुकतंय कुठे?

गोदाकाठ_रायडर (नाशिक)

ओढू नका! दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलायची असतात. यासाठी वेगळी पक्कड मिळते, तिचे जबडे आतल्या बाजूला दाबतात. दुसरीकडची पिन मात्र काढू देऊ नका.

वाघबीळ_चढ (कोल्हापूर)

दादा, आधी ती कडी हातात धरून नीट बघा, म्हणजे जोर लावायची गरजच पडणार नाही. तिचे दोन सारखे तुकडे असतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पट्टी आणि तिच्यात पक्की बसवलेली एक पिन. समोरच्या पट्टीतलं भोक एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला चिंचोळं असतं. पिनेच्या टोकाजवळ खाच असते. चेन ताणली की दोन्ही पिना एकमेकींपासून लांब जातात आणि खाच त्या चिंचोळ्या भागात अडकते. म्हणजे तुम्ही जितकं ओढलंत, तितकी ती जास्त घट्ट बसली. चढावर पॅडलवर उभं राहिलं तरी सुटू नये म्हणूनच तिची रचना तशी आहे.

उघडताना पिना जवळ आणायच्या आणि त्याच वेळी दोन्ही पट्ट्या बाजूंनी चिमटीत दाबायच्या. ही चिमटी विसरली तर पिनेचं डोकं पट्टीच्या खोलगट जागेतून बाहेर येत नाही.

आधी चेन ढिली करा. पुढे लहान चकती, मागे सगळ्यात लहान गिअर. मी जुन्या स्पोकचा तुकडा दोन्ही टोकांना वाकवून आकडा केलाय, तो कडीच्या अलीकडे-पलीकडे अडकवते. मधली चेन सैल पडते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. तुमच्या कडीत चिखल असणार, तेव्हा जुन्या टूथब्रशने घासून तेलाचे दोन थेंब सोडा आणि दहा मिनिटं थांबा. मग कडी मागेपुढे वाकवून मोकळी करून घ्या.

वेगळी पक्कड नसेल तर बुटाची मजबूत नाडी घ्या. क्विक लिंकच्या दोन्ही बाजूंच्या शेजारच्या कड्यांमधून एकेक टोक ओवा, गाठीचा पहिला अर्धा वेढा मारा आणि दुसऱ्या कुणाला तरी पट्ट्या दाबून धरायला सांगून नाडी झटक्यात ओढा. दोन्ही रोलर एकमेकांकडे येतात आणि कडी टक्कन सुटते. माझी मुलगी आता हे माझ्यापेक्षा लवकर करते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. तुमची ८ स्पीडची कडी बहुधा पुन्हा वापरता येते, पण सगळ्या तशा नसतात. शिमानो कंपनीची ११ आणि १२ स्पीडची, तसंच स्रॅम कंपनीची पॉवरलॉक नावाची कडी एकदाच वापरायची असते. केएमसी कंपनीच्या कडीच्या नावात ‘एनआर’ असेल तरी तेच, ‘आर’ असेल तर पुन्हा चालते. माझ्या १० स्पीडच्या सायकलला एकदा वापरायची कडी मी चौथ्यांदा लावली होती. पन्हाळ्याला जाताना वाघबिळाच्या पुढे उभी राहून पॅडल मारत होते आणि कडी सुटली. पाय रिकामा खाली गेला, गुडघा हँडलवर आपटला. मागून ट्रक येत नव्हता म्हणून आज हे लिहितेय. तेव्हापासून पिशवीत नवी कडी कायम असते.

आणि कडी चेनच्याच स्पीडची घ्या. सगळ्या चेनची पिन ते पिन लांबी अर्धा इंचच असते, पण बाहेरची रुंदी बदलते. ८ स्पीडची साधारण ७.१ मिलिमीटर, ११ स्पीडची ५.५ च्या आसपास. अरुंद कडी रुंद चेनला लावली तर ती तिथेच अडते.

भीमाकाठचा (पंढरपूर)

ताईंनी सगळं सांगितलंय, पण चेन परत घालताना एक चूक हमखास होते, म्हणून लिहितो. मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या भागाच्या) पिंजऱ्यात दोन पुल्यांच्या, म्हणजे छोट्या दातेरी चाकांच्या, मध्ये पत्र्याची छोटी जीभ असते. चेन तिच्या आतून जायला हवी. बाहेरून गेली तरी सायकल चालते, पण सतत खरखर येते आणि माणूस दोन दिवस गिअरच जुळवत बसतो. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

कडी बसवताना दोन्ही तुकडे हाताने जुळवा आणि पॅडल उलटं फिरवून ती वरच्या बाजूला आणा. मागचा ब्रेक दाबून धरा आणि पॅडलवर जोर द्या. टक आवाज आला की दोन्ही पिना शेवटपर्यंत बसल्यात का ते डोळ्यांनी बघा. आवाजावर विसंबू नका.

यवतेश्वर_पहाटे (सातारा)

ताई, निघाली! नाडीने दुसऱ्याच झटक्यात. आईने पट्ट्या दाबून धरल्या होत्या. रॉकेलाच्या डब्यात इतका लाल गाळ बसलाय की बघवत नाही.

आता नवीन प्रश्न. चेन हातात आहे म्हणून स्टीलच्या पट्टीवर मोजली. १२ इंचांत २४ कड्या बसायला हव्यात ना? शेवटची पिन १२ च्या खुणेपुढे जवळजवळ दोन सूत जातेय. दोन वेगळ्या ठिकाणी मोजलं, तेवढंच येतं.

वाघबीळ_चढ (कोल्हापूर)

दोन सूत म्हणजे पाव इंच, इतकी चेन झिजून लांबलीय. एक सूतच, म्हणजे अष्टमांश इंच, हा १२ इंचांचा साधारण एक टक्का होतो. अर्ध्या सुतावरच चेन बदलायला हवी होती. आता कॅसेटचे (मागच्या गिअर-चकत्यांच्या संचाचे) दातही खाल्ले गेले असणार. ही चेन परत लावू नका, दादा. नवी चेन आणि कॅसेट एकत्र घ्या, नाहीतर नवी चेन जुन्या दातांवरून उड्या मारेल आणि ती नेमकी घाटात जोर लावतानाच मारेल. पुढच्या चकतीचे दातही बघून घ्या, टोकदार झाले असतील तर तीही बदला.

नवी चेन तोडताना जुनी शेजारी ठेवून लांबी जुळवू नका, जुनी झिजून लांबलीय. कड्या मोजा. दोन्ही टोकांना आतली, अरुंद कडी यायला हवी, म्हणजेच मध्ये क्विक लिंक बसेल. आणि पकडीच्या ओरखड्यांची जुनी सोनेरी कडी नव्या चेनला लावायची नाही, नव्या चेनबरोबर बहुधा नवी मिळते. मिळाली नाही तर दुकानातून ८ स्पीडचीच मागून घ्या.