थायरॉइड वाढल्याने हाडे ठिसूळ होतात का?

प्रश्न (रामबाग, इंदूर):
माझ्या आईचे वय ६१ आहे. थायरॉइड वाढल्याचे निदान उशिरा झाले आणि आता कार्बिमॅझोल (थायरॉइड आटोक्यात आणणारी गोळी) सुरू आहे. दरम्यान घरातच साधा पाय घसरून तिचे मनगट मोडले. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.७ आला. नातेवाईक याला वयाचा परिणाम म्हणतात. थायरॉइडचा यात वाटा असेल का, आणि कॅल्शियमच्या गोळ्या पुरेशा होतील का?

उत्तर १:
वाटा नक्कीच असू शकतो. आपले हाड सतत थोडे झिजते आणि पुन्हा भरले जाते; थायरॉइडचे संप्रेरक जास्त झाले की हे चक्र इतके वेगाने फिरू लागते, की जुने हाड खरवडले जाते पण नवे भरायला पुरेसा अवधी मिळत नाही आणि प्रत्येक फेरीत थोडी तूट राहून जाते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८९१ मध्येच अशा रुग्णाच्या पोखरलेल्या हाडांचे वर्णन केले होते. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेनचे संरक्षणही उरत नाही, म्हणून केवळ वयावर बोट ठेवणे मला अपुरे वाटते. उणे २.५ किंवा त्याखालचा स्कोअर म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, अर्थात हाडे ठिसूळ होण्याचा आजार.

उत्तर २:
कॅल्शियम मनानेच सुरू करू नका, ही कळकळीची विनंती. हाडांतून सुटलेले कॅल्शियम रक्तात येते, त्यामुळे पॅराथायरॉइड (रक्तातील कॅल्शियम सांभाळणारी ग्रंथी) दबते, आतड्यांतून होणारे शोषण घटते आणि लघवीवाटे कॅल्शियम अधिक जाते. म्हणून आधी रक्तातील कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. मुळात थायरॉइड आटोक्यात येणे हाच पहिला उपचार आहे. त्यानंतर हाडांची घनता बऱ्याच अंशी सुधारते, मात्र मोडलेले हाड आणि हा स्कोअर पाहता स्वतंत्र औषध लागेल का, हे एंडोक्रिनॉलॉजिस्टना (संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांना) अवश्य विचारा.

उत्तर ३:
जोडीने एक सांगते. थायरॉइड कमी असल्यामुळे थायरॉक्सिन घेणाऱ्यांचाही डोस गरजेपेक्षा जास्त झाला आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, जे डोस जास्त झाला की घटते) दीर्घकाळ ०.१ च्या खाली राहिला, तर हाडांना हाच धोका असतो. लोकमान्य नगरातल्या माझ्या मावशींचा डोस याच कारणाने कमी केला गेला.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. उपचार सुरू झाल्यावर आईचे अल्कलाइन फॉस्फटेज (हाडे आणि यकृतातून रक्तात येणारे एन्झाइम) उलट वाढले आहे, ते कशामुळे?

उत्तर २:
थायरॉइड आटोक्यात येऊ लागल्यावर हाड भरून निघत असताना ते काही महिने वाढलेले राहू शकते. तरी कार्बिमॅझोलचा यकृतावरही क्वचित परिणाम होतो, त्यामुळे यकृताच्या इतर चाचण्यांसह तो अहवाल डॉक्टरांना दाखवा. आणि घसा दुखून ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातील पांढऱ्या पेशी तपासून घ्या, कारण ही गोळी क्वचित त्या घटवते.